कंजूष राजा आणि आमचे अध्यक्ष

आयर्लंडच्या जुन्या पुराणकथांत एक राजा आहे. दिसायला देखणा, बाकी सगळा आनंदच. त्यानं एकापेक्षा एक वीरांना हमाल करून टाकलं. एकाला खंदक खणायला लावलं, दुसऱ्याला जळण वाहायला. त्याच्याकडे जेवायला गेलेल्याच्या सुरीला कधी चरबी लागली नाही. एक कवी आला, तर त्याला अंधाऱ्या खोपट्यात बसवून तीन सुक्या रोट्या दिल्या. कवीनं सकाळी उठून त्याच्यावर चार ओळी रचल्या आणि राजाचे दिवस फिरले. गादी गेल्यावर हे महाशय शत्रूची फौज घेऊन परत आले, हरले, आणि नांगरणी-पेरणी कधी करावी याचा सल्ला देऊन जीव वाचवून घेतला. राक्षसाची निदान भीती तरी वाटते. याची नुसती किळस येते.

ही गोष्ट मला म्युनिकच्या ऑफिसातल्या एका आयरिश सहकाऱ्यानं जेवणाच्या सुट्टीत सांगितली. मी त्याच्यापाशी आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या नावानं बोटं मोडत होतो. तो म्हणाला, असा एक आमच्याकडेही होता.

अध्यक्ष एका मोठ्या कंपनीत मॅनेजर होते आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. म्युनिकजवळ गार्चिंगच्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती असायचा. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केलेली माणसं बाकं उचलत, कांदे चिरत, संडास धूत. अध्यक्ष रेशमी कुर्ता घालून दारात उभे राहून सगळ्यांना वेळ सांगत. पाच वर्षांत त्यांनी एक खुर्ची सरकवलेली मी पाहिली नाही.

त्या वर्षी माझी आई पहिल्यांदाच जर्मनीत आली होती. तिनं हौसेनं दीडशे उकडीचे मोदक केले. नैवेद्य दाखवल्याशिवाय ती तोंडात काही घालत नाही, त्यामुळे सकाळपासून उपाशीच होती. काम करणाऱ्यांनी शेवटी जेवायचं, असा अध्यक्षांचा नियम. ती वाढत राहिली. अध्यक्षांचे पाहुणे दोनदा जेवले. उरलेले मोदक डब्यांत भरून अध्यक्षांच्या गाडीच्या डिकीत गेले. आई ताट घेऊन आली तेव्हा ते म्हणाले, "काकू, आता किचन बंद. आल्झो, हॉल सांभाळणारा हाउसमाइस्टर ओरडेल ना!" आणि हसले.

परतताना स्टेशनवर मी तिला ब्रेत्सेल नावाचा पाव घेऊन दिला. तिनं दोन घास खाल्ले. "खारट आहे रे," म्हणाली. "मला तशी भूक नव्हतीच." मला इतका संताप आला होता की तिच्याकडे बघवेना.

पुढच्या वर्षी अध्यक्षांना वाटलं की आपला सत्कार व्हायला हवा. शाल कुणी आणायची, नारळ कुणी, हेही त्यांनीच ठरवून दिलं. मानपत्र माझ्याकडे आलं, कारण मंडळात यमक जुळवणारा मीच. त्यांचा फोन आला: "फार काही नको, साधंच लिही. फक्त दूरदृष्टी हा शब्द येऊ दे."

आई तेव्हा पुन्हा आली होती. मी तिला म्हटलं, "यंदा त्याला सगळ्यांसमोर ऐकवतो की नाही बघ." ती म्हणाली, "बघ बाबा." मी दोन मानपत्रं लिहिली. एकात दूरदृष्टी होती. दुसऱ्यात चारच ओळी होत्या, आणि आजवर मी लिहिलेल्यांत त्याच बऱ्या होत्या.

माईकसमोर उभा राहिलो. समोर ते खांद्यावर शाल सावरत बसले होते. त्यांच्या ओळखीनं माझ्या बायकोचं नोकरीचं काम व्हायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. तसं काही ठरलेलं नव्हतं. मी दूरदृष्टीचा कागद काढला आणि चांगला आवाज लावून वाचला. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी डोळे पुसले.

मग पंगत बसली. मानपत्रकाराची आई म्हणून तिला अध्यक्षांच्या शेजारी बसवलं. त्यांनी स्वतः तिला वाढलं, मोदकावर तूप सोडलं. "काकू, तुमचा मुलगा म्हणजे आमचं रत्न!"

आईनं ताट उचललं आणि उठली. किचनच्या दारात न्युरेम्बर्गहून मदतीला आलेली एक मुलगी घामाघूम होऊन उभी होती. आईनं तिला आपल्या रिकाम्या खुर्चीवर आणून बसवलं, ताट तिच्यापुढे ठेवलं. "तू जेव गं आधी. सकाळपासून राबतेयस." आणि पदर खोचून वाढायला लागली. अध्यक्ष तुपाची वाटी धरून उभेच राहिले. एकेक करत चार-पाच जणं उठली आणि किचनमधल्यांना हात धरून बाहेर घेऊन आली.

मी उठलो नाही. माझं पान वाढलेलं होतं.

ट्रेनमध्ये शेवटी मीच म्हणालो, "आई, मी दुसरंही लिहिलं होतं गं."

"असेल," ती म्हणाली.