कुठला गुडघा?

माझ्या शेजाऱ्याने मला फसवलं. पैशात नाही, पैशात मला फसवणारा अजून दोह्यात उतरायचा आहे. त्याने माझी दोरावरची जागा त्याच्या साहेबाला देऊन टाकली.

आम्ही दोह्यातल्या बिन महमूद भागात एकाच इमारतीत राहतो. मी रत्नागिरीहून हेल्पर म्हणून आलो, आज माझं एसी दुरुस्तीचं दुकान आहे. तो कंपनीत नोकरीला. आल्प्समधलं एक शिखर चढायचं, हे वेड दोघांचं. या सपाट मुलखात डोंगर कुठून आणणार? म्हणून वर्षभर पाठीवर तांदळाची पिशवी बांधून इमारतीचा जिना चढलो-उतरलो. दुकानातले हसायचे, "चाचा, पन्नाशी उलटली. लिफ्ट चालू आहे!" मी मनात म्हणायचो, शिखरावरचा फोटो दाखवीन, मग बोला.

निघायच्या तोंडावर शेजाऱ्याचा साहेब बरोबर यायला तयार झाला. राहणार दुहैलसारख्या श्रीमंत भागातल्या बंगल्यात, जिन्याशी संबंध नाही. मी तोंड वाकडं केलं. शेजारी म्हणाला, "भाई, यंदा माझं प्रमोशन आहे. सांभाळून घ्या."

घेतलं.

चढाईच्या आदल्या दुपारी गिर्यारोहकांच्या हटवर पोचलो. दगडी घर, दारातच बूट काढून तिथल्या सपाता घालायच्या, माळ्यावर एकाला एक चिकटून गाद्या. समोर शिखर. गाईड तिथेच भेटला. म्हणाला, या धारेवर मी दोराला दोघांनाच बांधतो. आम्ही तिघे. मी घासाघीस करायला पुढे सरलो, तर शेजाऱ्याने मला बाकावर बसवलं.

"भाई, तुमचं इंग्रजी दुकानातलं. इथे कॉम्प्रेसर विकायचा नाहीये. मी बोलतो."

आयुष्यात तेवढा एकच सौदा मी दुसऱ्याच्या तोंडून केला.

तो पडल्या चेहऱ्याने परत आला. "ऐकत नाही हो. म्हणतो, यांचं वय जास्त आहे, जबाबदारी घेणार नाही."

मी एरवी भांडखोर. दुकानातले म्हणत होते तेच डोंगरातला माणूसही म्हणतोय, मग भांडायचं कुणाशी?

पहाटे ते दोघे गाईडबरोबर गेले. उजाडल्यावर मी सपातांत पाय घालून खिडकीशी बसलो होतो. हट सांभाळणारी बाई चहा आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ घेऊन आली. "गुडघ्यावर धरा," म्हणाली. "तुमच्या मित्राने काल गाईडला सांगितलं, फार सुजलाय म्हणून."

"आणि माझं वय?"

"वय?" ती हसली. "गाईड स्वतः साठीचा आहे."

ते उतरून आले तेव्हा मी अंगणातच त्याला धरला. आवाज दरीत घुमला असेल. साहेब बुटांच्या नाड्या सोडत बसला. शेजारी म्हणाला, "खलास, भाई. विसरा आता. पुढच्या वर्षी आपण दोघेच."

प्रमोशन मिळालं. आता शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, इमारतीच्या गच्चीवरच्या नाश्त्याला तो मराठी मंडळींना शिखरावरचा फोटो दाखवतो आणि वर म्हणतो, "भाईंचा गुडघा ऐन वेळी गेला हो." लोक उठून मला खुर्ची देतात. दुकानातले तर आता हसतही नाहीत, जपून बोलतात.

येत्या शुक्रवारी मी त्या खुर्चीवर बसणार नाही. तांदळाची पिशवी पाठीवर घेऊन जिन्याने वर जाईन आणि त्याच्यासमोर उभा राहीन. त्याने सगळ्यांदेखत सांगावं: माझा कुठला गुडघा सुजला होता? डावा की उजवा?