मानाचा पहिला पर्याय

माधवनगरला माझ्या आईच्या घरी तेव्हा मागच्या खोलीतून सोल्डरिंगचा वास येई. राळ जळल्यासारखा, किंचित गोड, घशात रेंगाळणारा. माझी लेक तिथे राहून सांगलीत शिकवणीला जात होती. अभ्यासातून डोके वर काढले, की बंद पडलेले रेडिओ उघडून बसे. एखादा जिवंत होताना आधी नुसती खरखर, मग त्या खरखरीतून हळूहळू वर येणारा माणसाचा आवाज. त्या क्षणीचा तिचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. तिला पुण्याच्या सरकारी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकायचे होते. तिथल्या प्रयोगशाळेची छायाचित्रे ती मोबाइलवर मोठी करकरून पाही.

त्या एका जागेसाठी तिला किती तराजूंत बसावे लागले! बारावीचे गुण उत्तम. पण ते फक्त दाराशी उभे राहण्यापुरते. देशपातळीवरच्या जेईईत ती मागे पडली, त्या गुणांवरच्या मोजक्या जागा गेल्या. उरली राज्याची सीईटी. तिचा निकाल आला तेव्हा माझ्या नणंदबाई औंधहून साताऱ्याला आमच्याकडे आल्या होत्या. लेकीने त्यांना फोनवर पर्सेंटाइल समजावला.

"म्हंजे मार्क किती पडलं ते सांगतच न्हाईत?"

"किती जणांना मागे टाकलं ते सांगतात, आत्या."

"मग बैलांची शर्यतच की गं ही!"

ती खळखळून हसली. शिकवणीच्या सरांनी गेल्या वर्षीचे आकडे पाहून सांगितले होते, "पुणं मिळतंय. पर्याय तेवढे नीट भर."

नोंदणी वडिलांच्या मोबाइलवर असल्याने पर्याय साताऱ्यातून भरायचे होते. मी त्या आठवड्यात माधवनगरला लेकीजवळ होते. तिने फोनवरून कॉलेजांचा क्रम सांगितला, यांनी तो लिहून घेतला आणि पुन्हा वाचूनही दाखवला. पुणे सर्वांत वर.

यांच्या घराण्यात कोणत्याही कार्याची पहिली पत्रिका औंधच्या यमाईपुढे ठेवतात. देवी काही मांडवात येत नाही. पण तिच्या आधी कुणाला बोलावणे नाही. पर्याय भरायला बसताना नणंदबाईंनी यांना त्याची आठवण करून दिली. औंधच्या वाटेवर एक नवे कॉलेज उभे होते, विद्यार्थी मिळावेत म्हणून दर उन्हाळ्यात गावोगाव गाडी फिरवणारे. यांनी तेच नाव पुण्याच्याही वर घातले. मानाचे म्हणून. एवढ्या गुणांच्या मुलीला जागा वाटणारे यंत्र हलके कॉलेज देईलच कसे, अशी त्यांची भाबडी खात्री होती.

पहिल्या फेरीची यादी लागली, त्या सकाळी लेक मोबाइलकडे पाहत राहिली. पडद्यावर अभिनंदन लिहिलेले होते. तिने साताऱ्याला फोन लावला.

"बाबा, माझा क्रम बदललात?"

"छे! जसाच्या तसा आहे. फक्त वर मानाचं एक घातलं."

"वर?"

"अगं, पत्रिका ठेवतो तशी. देवी काय जेवायला येते का?"

मागून नणंदबाईंचा आवाज आला, "तिनंच बोलावलं म्हनायचं, पोरी! लांब कशाला जातीस? घरचा डबा खाशील."

लेकीने फोन माझ्या हातात दिला.

सांगलीच्या प्रवेश केंद्रावर घामाचा आणि झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास कोंदला होता. तिथल्या गृहस्थांनी नोंद पाहिली आणि ते ओशाळल्यासारखे झाले. "पहिलाच पर्याय मिळालाय. तो मिळाला की जागा आपोआप पक्की होते; पुढच्या फेऱ्यांत उतरता येत नाही."

"पण तिचे गुण?"

"मॅडम, गुणांनी फक्त तुमचा नंबर कधी लागणार ते ठरतं. काय हवं ते तुम्ही सांगायचं. यंत्र वरून वाचत येतं. पहिली मिळण्यासारखी जागा दिसली की देऊन टाकतं. चांगलं-वाईट त्याला कळत नाही."

त्या कॉलेजात कुणालाही जागा मिळत होती. वर्षभर झिजून मिळवलेले तिचे गुण तिथे कुणी तोलून पाहिलेच नव्हते.

वर्षभर थांबून पुन्हा परीक्षेला बसणार का, असे मी विचारले. ती नुसतीच मान हलवून नाही म्हणाली. हे त्या दिवसापासून घरात पावलांचा आवाज न करता वावरतात. तिने त्यांना एकही शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता, तर बरे झाले असते.

आता ती साताऱ्याहून सकाळच्या एसटीने औंधच्या वाटेवरच्या त्या कॉलेजात जाते. तिथली प्रयोगशाळा बहुधा कुलपातच असते. दिवाळीत आम्ही माधवनगरला गेलो, तेव्हा आईने आपला जुना रेडिओ मोठ्या आशेने तिच्यापुढे ठेवला.

"बघ गं, नुसता खरखरतोय."

लेकीने तो हातातही घेतला नाही.

"नाही होणार, आजी," ती म्हणाली, आणि बटण फिरवून ती खरखर बंद केली.