विमानातली बाबांची जागा

बाबांना भारतात परत नेणाऱ्या विमानात जागा मिळाली होती आणि ती मी परस्पर नाकारली. हे आजवर फक्त एका माणसाला सांगितलंय, स्वतः बाबांना. बायकोला आता हे वाचून कळेल.

कोविडचं पहिलं वर्ष. बाबा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे ऑस्ट्रेलियात, क्रेगीबर्नला आले आणि अडकले. विमानं बंद, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. बायको एजेड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, नर्स, तिच्या शिफ्ट वाढलेल्या. मी गॅरेजमध्ये टेबल टाकून ऑफिस करत होतो. चौथीतल्या मुलीची शाळा लॅपटॉपवर होती, म्हणजे कागदोपत्री. खरी शाळा बाबा चालवत होते.

त्यांना ते अवघड नव्हतं. तरुणपणी ते नौदलात इंजिनिअर अधिकारी होते, एकाहत्तरचं युद्ध त्यांनी जहाजावर काढलं. पुढे ती नोकरी सोडून साताऱ्याकडच्या एका गावात शाळेत विज्ञान शिकवायला लागले. आमच्या डायनिंग टेबलापाशीही ते सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहायचे.

"आजोबा, कॅमेरा इज ऑफ. नोबडी कॅन सी मी!"

"मला दिसतेयस ना? जा, केस विंचरून ये."

निवृत्तीनंतरही दहावीची चारपाच मुलं त्यांच्याकडे शिकायला यायची. त्यांना ते इथूनच व्हिडिओवर शिकवत होते. पण त्यातल्या दोघी मैत्रिणींच्या घरी नुसता बटणांचा फोन. त्यावर बाबांचा उपयोग नव्हता. इंजिनांच्या आवाजाने त्यांचे कान कधीच गेलेले. समोरच्याचे ओठ दिसले तर भागायचं, साध्या फोनवर काहीच कळायचं नाही. त्या दोघी मागे पडतायत, हे त्यांना खात होतं. रोज विचारायचे, "विमानाचा नंबर लागला का रे?"

अडकलेल्यांसाठी सरकारने सोडलेल्या खास विमानांत मी त्यांचं नाव नोंदवलं होतं. एका दुपारी फोन आला, जागा आहे म्हणून. बाबा मागे लिंबाच्या झाडाला पाणी घालत होते. मी म्हणालो, "वडिलांना बरं नाहीये. दुसऱ्या कुणाला द्या." फोन ठेवला आणि बाहेर जाऊन त्यांच्या हातातला पाइप घेतला.

तिकडे साथ जोरात होती, त्यांचं वय त्र्याहत्तर, गावात एकटे. मला भीती वाटत होती हे खरंच. पण ते गेले असते तर माझ्या मीटिंग चालू असताना मुलीकडे कोण बघणार होतं? हेही तितकंच खरं, आणि फोनवर बोलताना मला आधी हेच सुचलं होतं. नंतर रोज त्यांनी विचारलं की सांगायचो, "अजून नाही, बाबा." ते मान हलवायचे. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

मग एकदा जेवताना मुलीने विचारलं, "आजोबा, वॉरमध्ये तुम्ही कुणाला शूट केलं?"

"मला कुणी दिसलंच नाही गं. मी खाली इंजिनरूममध्ये. वरून फक्त किती वेग पाहिजे ते यायचं. मधेच पत्रा थरथरायचा. तोफ आपली की त्यांची, ते कळायचं नाही."

"वॉज इट स्केरी?"

"आवाजाचं एवढं काही नाही. कुणी काही सांगत नाही, त्याची भीती वाटायची." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "सगळं आटोपल्यावर आमचे कॅप्टन स्वतः शिड्या उतरून खाली आले. कुठे होतो, काय झालं, सगळं नीट समजावून सांगितलं. मला वाटलं, हे काम फार चांगलं आहे."

"म्हणून टीचर झालात?"

"पगारासाठी तर नक्कीच नाही!"

दोघं हसले. मी ताट उचलून सिंककडे गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मी त्यांच्या समोर उभा राहिलो, ओठ नीट दिसतील असा, आणि सांगून टाकलं. भीतीचं सांगितलं, सोयीचंही सांगितलं.

ते कुंपणाकडे वळले. मग म्हणाले, "माझ्या जागेवर कोण गेलं?"

"माहीत नाही. पण वेटिंग मोठं होतं."

"म्हणजे रिकामी नाही गेली."

"नाही."

"बरं." आणि आत निघून गेले. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या दारात येऊन उभे राहिले. "लंच ब्रेक किती असतो तुला?"

"अर्धा तास."

"त्यात त्या दोघींना फोन करायचा. आदल्या रात्री मी तुला शिकवीन, तू त्यांना शिकवायचं."

"बाबा, मला कुठे शिकवता येतं?"

"शीक."

बाबांकडे मी पुन्हा विद्यार्थी झालो. आपले वडील किती सुंदर शिकवतात, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. फोनवरून आकृती दाखवता येत नाही, तर काय करायचं तेही त्यांनीच सांगितलं. एकाच फोनला कान लावून बसलेल्या त्या दोघींना मी म्हणालो, "पातेल्यात नाणं टाका. दिसेनासं होईपर्यंत मागे सरका. आता एकीने हळूच पाणी ओता."

पलीकडून किंकाळी आली. "दिसलं! दादा, वर आलं!"

मी गॅरेजमध्ये एकटाच हसत होतो.

बाबा पुढच्या एका विमानाने सुखरूप घरी गेले. मधले ते महिने मला मिळायला नको होते, पण मिळाले. त्यांबद्दल मी देवाचे आभार मानतो आणि बाबांचे त्याहून जास्त.

ते जाण्याआधीचा शेवटचा पाठ विजेचा होता. बाबा माझ्याजवळ खुर्ची टाकून बसले होते. मुलींनी काहीतरी विचारलं आणि मी अडलो. "हे मला येत नाही. सरांना विचारून सांगतो."

त्यातली एक म्हणाली, "दादा, तुम्ही सरांसारखं शिकवत नाही. घाई फार करता. पण येत नसलं की सरळ सांगता, ते बरंय."

"काय म्हणतेय ती?" बाबांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे तोंड वळवलं आणि शब्द न गाळता सगळं सांगितलं, घाईचंही. ते खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"विचार तिला," ते म्हणाले, "अजून काय काय चुकतं तुझं."

मी विचारलं. तिने बरंच सांगितलं.