अडीच किलोची बाळं

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी न मागता साठतात: जुनी रजिस्टरं आणि किस्से. रजिस्टरांना वाळवी लागते, किस्स्यांना नाही! पनवेलच्या या आरोग्य कार्यालयात मी डेटा एन्ट्री करते. गावोगावच्या उपकेंद्रांतून जन्मलेल्या बाळांचे आकडे येतात आणि मी ते पोर्टलवर चढवते. सिस्टर लोक मला पाठीमागे ‘आकडेवाली बाई’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

*

एकदा एका केंद्राच्या फॉर्मवर प्रसूती नऊ आणि बाळं अकरा! मी लगेच तिथल्या शुभांगी सिस्टरांना फोन लावला. “सिस्टर, दोन बाळं जास्त कुठून आली?”

“जुळी झाली मॅडम, दोन बायकांना! देवानं जास्तीची दिली तर मी काय परत पाठवू?”

मी फोन ठेवला आणि निमूटपणे अकरा चढवली.

*

याच शुभांगी सिस्टरांच्या रजिस्टरात एकदा वजनाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘गुटगुटीत’.

“अहो, आकडा हवा!”

“आकडा आजीनं लिहू दिला नाही मॅडम. वजन बोललं की नजर लागते म्हणाली. हे सुद्धा मी तिची पाठ फिरल्यावर लिहिलंय!”

आता पोर्टलवर ‘गुटगुटीत’ कसं चढवायचं? आमचे डॉक्टरसाहेब म्हणाले, “पोर्टललाही तीट लावा.”

*

जन्मल्यावर तासाभरात बाळाला आईचं दूध पाजलं का, असाही एक रकाना आहे. एका महिन्यात दुसऱ्या एका केंद्राच्या रजिस्टरात तो सगळीकडे ‘हो’ने भरलेला. मला आनंद झाला. मग पाहिलं, तर खालच्या चार ओळींत आईचं नावच नाही, फक्त ‘हो’!

“सिस्टर, ही कुणाची बाळं?”

“पुढच्या आठवड्याची. लसीकरणात वेळ मिळत नाही, म्हणून आधीच भरून ठेवलं!”

*

पण खरी गंमत वजनांची. जिथून पाहावं तिथून बाळ अडीच किलोचं! डॉक्टरसाहेब एकदा मीटिंगमध्ये म्हणाले, “आपल्या तालुक्यात बाळं साच्यातून काढतात काय?” सगळ्या सिस्टर हसल्या. मग एक जण हळूच म्हणाली, “साहेब, अडीच लिहिलं की कुणी प्रश्न विचारत नाही.”

साहेबांचं हसू थांबलं. “आणि अडीचच्या आतलं लिहिलं तर बाळाकडे जास्त वेळा जावं लागतं, जपावं लागतं. म्हणूनच विचारतो ना आपण! तुमच्या त्या एका खोट्या ‘अडीच’मुळे एखादं पोर हातचं जाईल.”

त्या दिवशी मीटिंगचे समोसे तसेच राहिले.

*

मग मी एकेक केंद्र बघायला निघाले. पहिलंच उरण रस्त्यावरचं, शुभांगी सिस्टरांचं. सकाळीच एक मुलगी जन्मली होती. सिस्टरांनी माझ्यासमोर तिला काट्यावर ठेवलं आणि विजयी मुद्रेनं म्हणाल्या, “बघा मॅडम! अडीच! मी खोटं लिहीत नाही!”

कोपऱ्यात बाळाची आजी बसली होती. मासळी विकणारी, हातभर हिरव्या बांगड्या. ती उठली, नातीला तळहातावर घेतलं, जरा वरखाली केलं.

“नाय गो बाय. ही पावनेदोन हाय.”

“आजी, काटा अडीच दाखवतोय!”

“मंग काटा खोटा हाय. चालीस वरसा मासली तोलली मी. मना शिकवू नको.”

आम्ही दोघी हसलो. तरी मला राहवेना. समोरच्या दुकानातून मी एक किलो मिठाची सीलबंद पिशवी आणली आणि काट्यावर ठेवली.

एक किलो मिठाला काटा पावणेदोनवर जाऊन थांबला. म्हणजे पाऊण किलो जास्तच दाखवत होता!

सिस्टरांना रडूच फुटलं. त्याच दुपारी बाळाला ऊब राहावी म्हणून आईच्या छातीशी बांधून गाडीनं मोठ्या दवाखान्यात नेलं. आम्ही दोघी मिठाची पिशवी आणि दुसऱ्या केंद्राचा काटा घेऊन आठवडाभर घरोघर फिरलो, आणि रजिस्टरातलं एकेक ‘अडीच’ पुन्हा तोललं.

दोन महिन्यांनी केंद्रात कोरा करकरीत काटा आला. उद्घाटनाला आजी नातीला घेऊन हजर. गालांवर गाल चढलेली, दुपट्यातून पाय झाडणारी पोर! सिस्टरांनी तिला काट्यावर ठेवलं आणि आनंदानं ओरडल्या, “तीन किलो!”

“आकडा मोठ्यानं नको बोलू गो!” आजी खेकसली. मग तिनं नातीला उचललं, तळहातावर घेतलं, डोळे मिटले. डॉक्टरसाहेब, सिस्टर, मी, सगळे श्वास रोखून उभे.

आजीनं डोळे उघडले आणि सिस्टरांकडे पाहून मान डोलावली.

“पास हाय तुजा काटा.”