जपानी साहेबाचं बेलपान

दुसऱ्याची वस्तू परत करायला इतका कासावीस झालेला माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही. रिकामा कसा द्यायचा म्हणून शेजारणीचा डबा वर्षभर फळीवर ठेवणाऱ्या आमच्या घरात माझ्या बायकोचे मामा म्हणजे अजबच प्रकार होता. त्यांना परत करायची होती तलवार, आणि तीही एका जपानी लष्करी अधिकाऱ्याला. महायुद्ध संपलं तेव्हा ब्रह्मदेशात शरण आलेल्या त्या अधिकाऱ्याने ती मामांच्या सुभेदार वडिलांसमोर ठेवली होती. वडील ती साताऱ्याला घेऊन आले आणि मरताना मामांना म्हणाले, "ज्याची त्याला दे." नाव नाही, गाव नाही. मुठीच्या टोकावर चांदीत कोरलेली तीन पानं, एवढाच काय तो पत्ता.

तलवार साताऱ्यात आणि मामा माझ्यासारखेच मस्कतला, तिथल्या अझैब्यात, एका एसी कंपनीच्या स्टोअरमध्ये. त्या तीन पानांचा फोटो ते पाकिटात घेऊन फिरत. तलवार सरकारी असली तरी जपानी अधिकारी तिच्या मुठीवर आपल्या घराण्याचं चिन्ह लावून घेत, हे त्यांनी कुठून कुठून वाचून काढलं होतं. मग काय विचारता! सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन ते एखाद्या जपानी गाडीसमोर उभे राहत आणि बॉनेटवरचं चिन्ह कुठल्या घराण्यातून आलं ते मला समजावत. मागे हॉर्नचा कल्लोळ. इब्रा गावच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, खंजीर विकणाऱ्या एका म्हाताऱ्यालाही त्यांनी तो फोटो दाखवला. त्याने खजूर दिले, कहवा पाजला आणि सगळी हकिकत ऐकून शेवटी एवढंच म्हणाला, "इन्शाल्ला."

ती तीन पानं म्हणजे बेल, हा मामांचा स्वतःचा शोध. साहेब जपानी असला तरी शंकराचा माणूस, म्हणून दर महाशिवरात्रीला मस्कतच्या देवळात त्याच्या नावाने अभिषेक. गुरुजींनी गोत्र विचारलं तर म्हणाले, "काश्यप म्हणा. ज्याचं ठाऊक नाही त्याचं काश्यपच ना?" नाव विचारलं तेव्हा मात्र मामांचा चेहरा एवढासा झाला.

मामांची नोकरी संपत आली तेव्हा कंपनीच्या खाबुरा गावातल्या एका साइटवर एक जपानी इंजिनिअर आला. मामांनी त्याला घरी जेवायला बोलावलं. पुरणपोळी झाल्यावर त्यांनी फोटो पुढे केला. पाहुणा उठून बाल्कनीत गेला आणि मामींच्या कढीपत्त्याच्या कुंडीतली तीन-तीन पानांची आंबुशी उपटून घेऊन आला.

"अहो, हे तण तर मी रोज फेकते!" मामी म्हणाल्या.

"हेच ते," तो इंग्रजीत म्हणाला. "उपटलं तरी पुन्हा उगवतं. आपलंही घराणं असंच टिकावं म्हणून लोकांनी हे चिन्ह घेतलं. पण हजारो घरांनी घेतलं. माझ्या आईच्या माहेरीही हेच आहे."

"मग तुम्हीच घ्या ना ती तलवार," मामा म्हणाले.

तो कमरेत वाकला. "जी माझी नाही, ती मी कशी घेऊ?"

जन्मभर मामा स्वतः हेच म्हणत आले होते.

आता मामा साताऱ्याला असतात. मूलबाळ नाही. दर रविवारी तलवार काढतात आणि तेलाचा बोळा फिरवत बसतात. गेल्या सुट्टीत मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचं तेच चाललं होतं. मला राहवलं नाही. म्हटलं, "मामा, तुम्ही होता होईल तेवढं सगळं केलंत. आता कोण दोष देणार तुम्हाला?"

"दोषाचं नाही हो, जावईबापू," ते म्हणाले. "तो बिचारा गेला असेल कधीच. वर आमच्या वडिलांशी त्याची गाठही पडली असेल. वडील त्याला सांगत असतील, पोरगा आणून देईल हां तुमची तलवार. आता मी तिथे रिकाम्या हाताने कसा जाऊ?"