पासवर्डात अडकलेली सोयरीक

साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला मला घेतलं, तेव्हा आमच्या बिदरच्या पट्ट्यात माझा भाव एकदम वधारला. साल एकोणनव्वद असावं. हैदराबादला जाऊन मी एक छोटासा कोर्स केला होता आणि त्याचा तोरा पुढे कितीतरी वर्षं पुरवून वापरला. खोलीत चपला काढून यायचं, मशीनला हात लावायचा नाही, हे नियम माझेच. ते पाळत कुणी नसे. आमच्या हेडक्लार्कनी एकदा सेटिंगमध्ये बोट घातलं आणि उसाच्या जातींच्या जागी गावांची नावं आणून ठेवली. साहेब भडकले. मला म्हणाले, "त्या सेटिंगला कुलूप घाल. किल्ली तुझ्याकडं."

त्याच सुमारास मी भालकीला मुलगी बघून आलो होतो. चहाचा कप देता देता तिनं विचारलं होतं, "हिशेब चुकला तर कोण चुकतंय, तुम्ही का मशीन?" पोरगी तिथंच मनात बसली. तिच्या वडिलांचा होकार मात्र यायचा होता. अशा अवस्थेतल्या माणसाकडे मशीननं पासवर्ड मागितला. मी तिचं नाव टाकलं. टाइप केलेलं पडद्यावर उमटत नसे, म्हणून मी निर्धास्त होतो.

मग खंडेनवमी आली. वजनकाट्याची पूजा झाली, ट्रॅक्टरची झाली आणि साहेब थेट माझ्या खोलीत आले. मी नको नको म्हणत असताना त्यांनी कीबोर्डला हळद-कुंकू वाहिलं आणि टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडला. साहेबांना नाही म्हणण्याची सोय आमच्याकडे नव्हती. मी रुमालानं पाणी टिपून घेतलं आणि खोबरं खाऊन घरी गेलो.

दसरा करून कामावर आलो. नवा हंगाम सेटिंगमधून उघडल्याशिवाय ऊस नोंदणीचं एक पान निघणार नव्हतं आणि चेअरमन संध्याकाळी नोंदी बघणार होते. नेमक्या त्याच सकाळी मुलीचे वडील दारात उभे. निवृत्त शाळामास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. मुलगा खरंच कॉम्प्युटर चालवतो की नुसता त्याच्यासमोर बसतो, याची खात्री करायला ते एसटीनं आले होते. साहेबांनी त्यांना माझ्या शेजारीच स्टूल दिलं.

मी ऐटीत, कीबोर्डकडे न बघता पासवर्ड टाकला. मशीननं नाकारला. पुन्हा टाकला, पुन्हा नाकारला.

"विसरलास व्हय?" साहेब म्हणाले.

"न्हाई सायेब. बरोबरच टाकायलोय."

"मग मला सांग. मी टाकतो."

मी पुन्हा तेच टाकून बघितलं. हेडक्लार्कना चेव आला. "सांग की! कामून लाजायलास?"

सोयरीक ठरायच्या आधी पोरीचं नाव पुरुषांनी भरलेल्या कचेरीत उच्चारायचं, तेही तिच्या बापासमोर! सांगितलं तर मी उनाड, न सांगितलं तर बिनडोक. दोन्हीकडून लग्न मोडणारच होतं. एवढ्यात साहेबांनी हैदराबादला मशीनच्या कंपनीत फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, पासवर्ड सापडत नसेल तर सगळं पुसून नव्यानं भरा. सगळं म्हणजे तालुक्यातल्या तमाम शेतकऱ्यांचा ऊस. तो सगळा मी माझ्या बोटांनी भरला होता. मला रडूच यायला लागलं.

मी गुरुजींकडे वळलो. "तुमच्या मुलीचं नाव घातलंय," म्हणालो.

हेडक्लार्कना हसू फुटलं, त्याचा त्यांनी खोकला केला. गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. आता हे उठून चालायला लागणार, असं मी धरूनच चाललो. त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

"लिवा," ते म्हणाले. "सावकाश. एकेक अक्षर, मला दिसंल असं."

मी पाटीवर पहिल्यांदा अक्षर गिरवणाऱ्या पोरासारखं लिहायला लागलो. तिसऱ्या अक्षराला त्यांनी माझं मनगट धरलं. "थांबा. बाकीच्या कळा वर यायल्यात. ही बसूनच हाय."

नख घालून उचकटली तर खाली लालभडक चिकटा. कुंकू आणि नारळाचं पाणी मिळून त्याची खळ झाली होती. साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. मी टाचणीनं खरवडलं, ओल्या रुमालानं पुसलं आणि तिचं नाव परत लिहिलं. सेटिंग उघडलं. इतका आनंद मला नोकरी लागल्यावरही झाला नव्हता.

"आता हे नाव साऱ्या हापिसाला ठावं झालंय," साहेब दरडावून म्हणाले. "बदल लगेच."

मी बदलायला घेतलं. गुरुजी हळूच म्हणाले, "मशीनातलं बदला. पण तुमच्याकडं लग्नात सुनेचं नाव बदलत्यात म्हणं?" स्टूल मागे सारत म्हणाले, "तिच्या मायनं ठेवल्यालं हाय. ती आता न्हाई."

"न्हाई बदलणार," मी म्हणालो. जणू घर मीच चालवत होतो! माझ्या आईनं दोन्ही वहिनींची नावं बदलली होती आणि तिसरीसाठी नाव काढूनही ठेवलं होतं. तिला राजी करता करता लक्षात आलं की मशीन परवडलं, त्याला निदान कारण सापडतं. आई दिवाळीभर माझ्याशी बोलली नाही. मग एक दिवस म्हणाली, "कर तुझ्या मनाचं."

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहायची वेळ आली. बायका वाकून बघत होत्या. मी लिहिलं.

"आरं, हे तर जुनंच हाय!" काकू म्हणाल्या.

"व्हय," मी म्हणालो.

गुरुजी बायकांमधून वाट काढत पुढे आले. त्यांनी ताट दोन्ही हातांनी उचललं आणि तांदूळ हलून नाव मोडू नये म्हणून अगदी हळू पावलं टाकत ते आत नेऊन ठेवलं.