दुसऱ्याच्या मापाचं तखत

रविवारी सकाळी नीलकंठ काळमेघच्या फाटकाशी एखादी तरी गाडी उभी नाही, असं समता कॉलोनीतल्या त्या गल्लीत पूर्वी होत नसे. कुणाची चेन सैल झालेली असे, कुणाचा ब्रेक ओरडत असे. नीलकंठ बदामाच्या झाडाखाली बुटक्या पाटावर बसे. शेजारी डिझेलची वाटी आणि रमानं, त्याच्या बायकोनं, पंडरीच्या कापडबाजारातून आणलेल्या कातरणाची पिशवी. पैसे तो घेत नसे. चहा उलट त्याच्याच घरचा. सोमवार ते शुक्रवार नवा रायपूरच्या मोठ्या इमारतीत तो कागदांवर शिक्के मारी, आणि तिथं त्याला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. रविवारी मात्र माणसं त्याच्याभोवती गोल करून उभी राहत. आठवडाभर त्याला तो गोल पुरे.

मग समोरच्या घरात भार्गव देशकर राहायला आला. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेलं घराणं, विम्याच्या नोकरीत गावोगाव फिरून आता परतलेला. उंच, सावकाश बोलणारा. त्यालाही गाड्यांचा नाद होता, आणि त्यानं आपल्या पोर्चमध्ये लोखंडी तखत करून घेतलं होतं. गाडी तिरप्या फळीवरून वर ढकलायची, पुढचं चाक दोन ठोकळ्यांत अडकवायचं, दोन्ही बाजूंनी पट्टे आवळायचे आणि उभ्याउभ्या काम करायचं. वाकायला नको, गुडघे मोडायला नकोत. पहिल्या रविवारी गल्लीतली माणसं बघायला गेली. दुसऱ्या रविवारी आपापल्या गाड्या घेऊन गेली.

नीलकंठनं वाईट वाटून न घ्यायचं ठरवलं आणि रोज थोडं थोडं वाटून घेतलं. भार्गव बढाई मारत असता तर सोपं झालं असतं. तो तर कुणाला म्हणे, कार्ब्युरेटरचं नीलकंठभाऊंना जास्त समजतं, त्यांना दाखवा. लोक हसून मान डोलवत आणि गाडी त्याच्याच तखतावर चढवत. नीलकंठ खिडकीतून बघे. भार्गवचा कोपर तखतावर असा टेकलेला असे, जणू तो तखतासकटच जन्मला होता. रमा एकदा म्हणाली की त्या तखतानं माणसाची कंबर वाचते. त्या दिवशी तो अर्ध्या जेवणावरून उठला.

दिवाळीनंतर त्यानं पायांसाठी सालाच्या लाकडाच्या बल्ल्या आणल्या, वरच्या फळीला जाड प्लाय आणला, आणि संध्याकाळी ऑफिसातून आला की आंगणात करवत चालू. लोखंड मुद्दामच नाही. भार्गवचं लोखंडी, तर आपलं त्याहून देखणं, लाकडी. पण उंची किती ठेवायची हे त्याला कळेना. विचारलं असतं तर भार्गवनं दहा गोष्टी समजावून सांगितल्या असत्या, आणि तेच नको होतं. म्हणून एका रविवारी तो प्लग साफ करून घ्यायच्या निमित्तानं समोर गेला, प्लग हातातून पाडला, उचलायला वाकला आणि खिशातली सुतळी तखताच्या पायाशी लावून गाठ मारली. घरी आल्यावर त्याच गाठीवर त्यानं सगळे पाय कापले. आडव्या पट्ट्या ठोकल्या, तिरपे आधार दिले, वर दोनदा वॉर्निश फिरवलं. काम खरोखर सुरेख झालं. रमासुद्धा हात फिरवून बघत राहिली.

सुतळीनं तखताचं माप घेतलं. माणसाचं घ्यायचं राहून गेलं.

रविवारी गल्ली जमली. चौघांनी मिळून नीलकंठची मोटारसायकल वर चढवली, चाक ठोकळ्यांत बसलं, पट्टे आवळले. नीलकंठ पाना घेऊन पुढे झाला आणि त्याचे दोन्ही हात खांद्यांच्या वर गेले. इंजिन त्याच्या छातीशी. टाकीचा बोल्ट बघायला त्याला टाचा उचलाव्या लागल्या. कोपऱ्यावरचे दिवाकरराव, ज्यांना गप्प बसणं जमत नाही, चहाचा घोट घेऊन म्हणाले, "नीलकंठभाऊ, गाडी रिपेर करून राहिले का कपडे वाळू घालून राहिले?"

सगळे हसले. भार्गव हसला नाही. तो जवळ आला, सवयीनं कोपर फळीवर टेकला, आणि कोपर अगदी नेमका बसला. त्यानं एकदा फळीकडे पाहिलं, एकदा नीलकंठकडे.

"माप तर माझं दिसून राहिलं," तो हळूच म्हणाला.

सगळ्यांनी ऐकलं. नीलकंठच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पुढचं वाक्य त्यानं आधी ठरवलं नव्हतं.

"तुमचंच घेतलं. तुम्ही इथं यावं म्हणून. आंगणात सावली आहे, दोघं मिळून करत जाऊ."

 भार्गवनं नीलकंठचा खांदा दाबला. त्या रात्री पांघरुणं काढताना रमा म्हणाली, "इतकं गोड खोटं माझ्यासाठी नाही बोलले कधी तुम्ही."

भार्गवनं मात्र ते खरं मानलं. पोर्च अडतो म्हणून त्याची बायको निवेदिता कुरकुरतच होती. त्यानं आपलं लोखंडी तखत बिलासपूरला पुतण्याकडे पाठवून दिलं आणि रविवारी हत्यारांची पेटी घेऊन तो नीलकंठच्या आंगणात हजर झाला. गाड्या पुन्हा त्याच फाटकाशी लागल्या. चहा पुन्हा रमाच्या हातचा. पुन्हा गोल जमला. फक्त गोलाच्या मधे भार्गव होता. नीलकंठ बाजूला उभा राहून इंजिनाच्या पोटात टॉर्च धरी, आणि भार्गवचं बोट एकीकडे असलं की उजेड दुसरीकडे पडे. "थोडा इकडे, भाऊ," भार्गव नम्रपणे म्हणे. त्या नम्रपणानं नीलकंठ आठवडाभर जळत राही. स्वतःच्या आंगणात, स्वतःच्या लाकडापाशी तो पाहुणा झाला होता.

असे किती रविवार गेले ते त्यानं मोजले नाहीत. एका बुधवारी मात्र अर्ध्या दिवसाची रजा टाकली. गल्ली ओस होती. तखत आडवं करून तो करवत शोधत होता तेव्हा रमा खडू घेऊन आली.

"अंदाजानं नका कापू आता. सरळ उभे राहा," ती म्हणाली, आणि त्याच्या कोपराच्या जरा खाली तिनं भिंतीवर रेघ ओढली. काहून कापता, असं तिनं विचारलं नाही.

एक पाय जास्त कापला गेला, मग बाकीचे त्याच्याबरोबर आणावे लागले. संध्याकाळपर्यंत तखत डुगडुगायचं थांबलं. भुसा त्यानं झाडून तुळशीमागे लोटला.

रविवारी भार्गव आला. गल्लीतल्या सोनिया मॅडमची स्कूटर वर चढवायला या वेळी दोनच माणसं पुरली. भार्गवनं सवयीनं कोपर टेकायला हात नेला आणि कोपर हवेतच राहिला. त्यानं खाली पाहिलं. वॉर्निश केलेल्या पायांच्या टोकाशी कापलेलं लाकूड पांढरं दिसत होतं. नीलकंठनं मान वळवून चहाचे कप मोजायला घेतले.

 भार्गव वाकून काम करू लागला. बराच वेळ केलं. मधे एकदा कंबरेवर हात ठेवून ताठ झाला, पुन्हा वाकला. ते बघताना नीलकंठला आनंद झाला, आणि तो आनंद लपवायला जागा सापडेना. शेवटी भार्गवनं पाना पुढे केला.

"तुम्ही करा, भाऊ. आज मी लाइट दाखवतो."

याच वाक्यासाठी सगळं केलं होतं. नीलकंठनं पाना घेतला. फळी त्याच्या हाताखाली अगदी हवी तिथं होती. गोल जवळ सरकला. आणि उजेड आला. हाताची सावली पडणार नाही असा, नेमका नटावर. नट फिरला तसा उजेड फिरला. आतली तार बघायला त्यानं मान तिरपी केली, तर त्याच्या आधी उजेड तिथं पोचलेला.

"वा भार्गवभाऊ," दिवाकरराव म्हणाले, "लाइट धरावा तर असा."

नीलकंठनं नट लागतो त्याहून जास्त आवळला. मग वर न बघता, काही गरज नसताना म्हणाला, "जरा डावीकडे घ्या."

उजेड निमूट डावीकडे गेला. नीलकंठ अंधारात नट चाचपत राहिला.